बॅट-पॅडमधली फट

१३४, ७०, नाबाद ३३. पृथ्वी शॉच्या कसोटी कारकिर्दीतले हे पहिले तीन डाव. पुढचे सहा डाव १६, १४, ५४, १४, ० आणि ४. पहिल्या तीन डावांची सरासरी ११८.५०, नंतरच्या सहांची १७. पाच कसोटी, ३३९ धावा, आणि तेव्हापासून भारताच्या कसोटी संघाचं दार त्याच्यासाठी बंद.

विरारमध्ये आजही त्याचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, पोराला संधीच दिली नाही. दुसरा म्हणतो, पोरानेच हातातलं घालवलं. दोघेही कळवळून बोलतात, कारण हा मुलगा इथल्या प्लॅटफॉर्मवर किटबॅग घेऊन उभा राहिलेला आहे. पण त्या वादात एक प्रश्न कायम मागे पडतो. त्या पहिल्या मोसमात त्याच्या खेळात नेमकं काय होतं आणि काय नव्हतं? २०१८ च्या ऑक्टोबरात, राजकोट आणि हैदराबाद संपल्यावर, एखाद्या जाणत्या माणसाने शांतपणे बसून त्याची पारख केली असती तर कागदावर काय उतरलं असतं? हा लेख त्या कागदासाठी आहे. उशिरा लिहिलेला असला तरी तो लिहायला हवा. वसई-विरारच्या पट्ट्यातून आजही शेकडो मुलं किटबॅगा घेऊन निघतात, आणि त्यांच्याबद्दलही आपण फक्त धावांचे आकडे विचारतो.

पृथ्वीचा जन्म ९ नोव्हेंबर १९९९ चा. कुटुंब मूळ बिहारमधल्या गयेकडचं, मुक्काम विरारला. आई तो चार वर्षांचा असतानाच गेली. वडील पंकज शॉ यांनी कपड्यांचा धंदा गुंडाळला आणि मुलाच्या क्रिकेटलाच आपलं काम मानलं. विरारला क्रिकेटचे पहिले धडे गिरवून झाल्यावर मुलाला वांद्र्याला न्यायचं ठरलं. आधी एमआयजी क्लबचं मैदान, मग रिझवी स्प्रिंगफिल्ड शाळा. विरार ते वांद्रे हा प्रवास ज्याने सकाळच्या गर्दीत केला आहे त्याला वेगळं काही सांगायला नको. विरारला गाडी रिकामी सुटते असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात नालासोपाऱ्याहून उलटे बसून आलेले लोक विरारला गाडी लागायच्या आधीच जागा धरून असतात. अशा डब्यात आठ-नऊ वर्षांचं पोर आणि त्याच्याएवढीच उंच किटबॅग. बॅग मांडीवर मावत नाही, रॅकवर पोहोचत नाही, दारात ठेवली तर शिव्या बसतात. बाप बॅग सांभाळणार, मुलगा बापाला धरून उभा राहणार. पहाटे उठून हे रोज, वर्षानुवर्षं. पुढे आमदार संजय पोतनीस यांनी सांताक्रूझला वाकोल्यात राहण्याची सोय केली तेव्हा कुठे ही दगदग थांबली.

या प्रवासाची गोष्ट गेल्या दहा वर्षांत इतक्यांदा सांगितली गेली की तीच त्याची गुणवत्ता असल्यासारखं झालं. कष्टांनी माणूस मैदानापर्यंत पोहोचतो, पण आत येणारा चेंडू कष्टांची दखल घेत नाही. पारख करणाऱ्याने ही गोष्ट मनात ठेवावी आणि नजर बॅटवर ठेवावी.

बॅटची पहिली मोठी नोंद झाली ती नोव्हेंबर २०१३ मध्ये. हॅरिस शील्डमध्ये रिझवी स्प्रिंगफिल्डकडून बोरिवलीच्या सेंट फ्रान्सिस डी असिसी शाळेविरुद्ध ५४६ धावा, ३३० चेंडूंत, ८५ चौकार आणि ५ षटकारांसह. वय चौदा. याच स्पर्धेत १९८८ मध्ये सचिन आणि विनोद कांबळीने ६६४ धावांची भागी रचली होती, त्यामुळे मुंबईत हॅरिस शील्डच्या आकड्यांना वेगळं वजन आहे. तरीही त्या डावाकडे आज पाहताना मला ५४६ पेक्षा ८५ चौकार महत्त्वाचे वाटतात. ५४६ पैकी ३४० धावा चौकारांच्या. म्हणजे चेंडू जागेवरून टोलवायचा, पळायचं काम कमी. शालेय क्रिकेटमध्ये बहुतेक गोलंदाजी मध्यम वेगाची असते, खेळपट्टीवर चेंडू फारसा हलत नाही, आणि दर षटकाला एक-दोन चेंडू ऑफस्टंपच्या बाहेर, थोडे आखूड पडतातच. त्या चेंडूवर ज्याचे हात झपाट्याने चालतात तो दिवसभर फटकावत राहतो. पायांनी कुठवर जायचं हा प्रश्न त्याला तिथे कुणी विचारतच नाही. चौदाव्या वर्षी ५४६ करणाऱ्या मुलाला ‘तुझा पुढचा पाय कमी जातो’ हे सांगायचं तरी कुणी आणि कोणत्या तोंडाने?

रणजी पदार्पण जानेवारी २०१७ मध्ये राजकोटला, तेही थेट उपांत्य सामन्यात, तामिळनाडूविरुद्ध. दुसऱ्या डावात शतक, मुंबई अंतिम फेरीत. त्याच वर्षी दुलीप करंडकात पदार्पण, तिथेही शतक. २०१८ च्या सुरुवातीला न्यूझीलंडमध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषक, कर्णधार पृथ्वी, उपकर्णधार शुभमन गिल, प्रशिक्षक राहुल द्रविड. ३ फेब्रुवारीला माउंट माँगानुईला ऑस्ट्रेलियाला आठ गड्यांनी हरवून चषक हातात. मग आयपीएलमध्ये दिल्लीकडून नऊ सामन्यांत २४५ धावा.

पारख करणाऱ्याने जिथे थांबून पाहायला हवं असा टप्पा याच्या पुढचा, आणि नेमका तोच कुणाच्या लक्षात नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात भारत ‘अ’ संघाबरोबर तो इंग्लंडला गेला. बेकनहॅमला वेस्ट इंडीज ‘अ’ विरुद्ध त्याने १८८ धावा केल्या. परत आल्यावर बंगळूरुला दक्षिण आफ्रिका ‘अ’ विरुद्ध १३६. म्हणजे ‘घरच्या पाटा खेळपट्टीवरचा वाघ’ हा शिक्का मारण्याआधी हात थोडा आवरायला हवा. इंग्लंडमधल्या हवेत, ड्यूक चेंडूवर या मुलाने मोठा डाव खेळलेला होता. दोष होता, पण तो झाकून धावा करण्याची ताकदही होती. कागदावर दोन्ही गोष्टी लिहाव्या लागतात.

४ ऑक्टोबर २०१८, राजकोट. वय १८ वर्षं ३२९ दिवस. पहिलाच चेंडू खेळायला पृथ्वी, समोर शॅनन गॅब्रिएल. दुसऱ्याच चेंडूवर मागच्या पायावरून कव्हरमधून ठोसा, तीन धावा. त्याच षटकात के. एल. राहुल पायचीत, धावफलकावर तीन धावा आणि एक गडी बाद. नवख्याने इथे बिचकायचं असतं. हा बिचकला नाही. पुजारा एका बाजूला, हा दुसऱ्या बाजूला, दोघांची भागी २०६ धावांची, आणि त्यात जुन्याजाणत्या पुजाऱ्यापेक्षा नवखाच पुढे पळतोय. ९९ चेंडूंत शतक. १५४ चेंडूंत १३४ करून देवेंद्र बिशूला त्याच्याच गोलंदाजीवर झेल देऊन परतला तेव्हा पदार्पणात शतक करणारा सर्वांत लहान भारतीय म्हणून त्याचं नाव लागलेलं होतं. हैदराबादला पहिल्या डावात ५३ चेंडूंत ७०, दुसऱ्या डावात नाबाद ३३ आणि विजयी धावही त्याचीच. मालिकावीराचा पुरस्कार एकोणीस पूर्ण नसलेल्या मुलाला.

आता गुण लिहू, कारण ते खरे होते आणि मोठे होते.

पहिला गुण नजर. चेंडूचा टप्पा त्याला इतरांपेक्षा लवकर कळायचा. मागच्या पायावर जाण्यासाठी जो अर्धा क्षण लागतो तो त्याच्याकडे कायम शिल्लक असायचा. उंची कमी, सव्वापाच फुटांच्या आसपास, त्यामुळे इतरांच्या कमरेजवळ येणारा चेंडू याच्या बरगड्यांजवळ येतो. तरी त्या उंचीवरून पॉइंटच्या दोन्ही बाजूंना कट मारताना त्याचा तोल ढळत नसे. दुसरा गुण हातांचा वेग. तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा, मनाची मोकळीक. राहुल शून्यावर गेल्यावर पुढचा चेंडू आपल्या पद्धतीनेच खेळायचा ही हिंमत शिकवून येत नाही. चौथा गुण वेळेचा. सलामीवीराने उपाहारापर्यंत पंचाहत्तर केल्या की समोरच्या कर्णधाराची पूर्ण योजना बदलते, स्लिप कमी होतात, पुढचे फलंदाज मोकळे होतात. वीरेंद्र सेहवागनंतर असा सलामीवीर भारताला हवाच होता.

आणि याच कागदाच्या दुसऱ्या बाजूला राजकोटबद्दल आणखी दोन ओळी हव्या होत्या. वेस्ट इंडीजचा कर्णधार जेसन होल्डर दुखापतीमुळे त्या सामन्यात नव्हता. केमार रोच घरच्या दुःखामुळे नव्हता. नव्या चेंडूवर अचूक मारा करणारे त्यांचे दोन्ही हात गैरहजर. म्हणजे शतक खरं, पण जो प्रश्न पुढे विचारला जाणार होता तो राजकोटला फारसा विचारलाच गेला नव्हता.

तो प्रश्न काय होता ते नीट पाहिलं पाहिजे. यूट्यूबवर त्याचे डाव आहेत, समोरून घेतलेली संथ दृश्यं लावावीत. गोलंदाज धावत येतो, पृथ्वी बॅट उचलतो. बॅट यष्टींच्या रेषेत मागे जात नाही. ती गलीच्या दिशेने, शरीरापासून लांब जाते. खाली येताना ती सरळ न येता बाहेरून आत अशी वळसा घेऊन येते. चेंडू ऑफस्टंपबाहेर असला तर हा वळसा वरदान आहे. हातांना मोकळी जागा मिळते, बॅटला वेग मिळतो, चेंडू कव्हरला जाऊन आदळतो. पण चेंडू टप्पा पडून आत आला तर बॅटला तो वळसा पूर्ण करायला वेळ पुरत नाही. आता पाय पाहा. पुढचा पाय अर्धवट जातो, चेंडूच्या टप्प्यापर्यंत पोहोचत नाही. वजन मागच्या पायावर रेंगाळतं. म्हणून बॅट पॅडपासून सुटी राहते आणि दोन्हीमध्ये चेंडू जाईल एवढी फट पडते.

क्रिकेटमध्ये याला गेट उघडं राहणं म्हणतात. भारतात हे गेट उघडं असूनही चालून जातं, कारण नवा चेंडू फार वेळ वळत नाही आणि खेळपट्टीवरून उसळी बेताची असते. ऑस्ट्रेलियात कूकाबुरा चेंडू पहिली पंधरा-वीस षटकंच धोक्याचा असतो, पण तेवढ्यात सलामीवीराचं काम तमाम होऊ शकतं. गुलाबी चेंडूवर रंगाचा जाड थर असतो, दिवेलागणीच्या सुमारास तो आणखी बोलू लागतो.

बारकाईने बघणाऱ्याच्या हे ध्यानात येईल की त्याचा गुण आणि दोष वेगवेगळ्या कप्प्यांत नाहीत. ज्या वळशातून कव्हरचा चौकार निघतो, त्याच वळशातून दांडी उडते. म्हणूनच दुरुस्ती अवघड. बॅट सरळ करायला सांगितली तर कटची धार जाते की काय अशी भीती मुलाला वाटणार, आणि ती भीती खोटी नाही. यासाठी चांगला प्रशिक्षक, भरपूर वेळ आणि संघाबाहेर बसूनही आत्मविश्वास टिकवण्याची सोय लागते. पृथ्वीला यातलं प्रशिक्षकांचं पाठबळ मिळालं. वेळ मात्र मिळाला नाही, आणि जो मिळाला तो भलत्या कारणांनी मिळाला.

नोव्हेंबर २०१८ ची अखेर, ऑस्ट्रेलिया दौरा. सिडनीच्या सराव सामन्यात त्याने ६९ चेंडूंत ६६ केल्या आणि नंतर सीमारेषेवर झेल पकडताना घोटा मुरगळला. पूर्ण मालिका गेली. मेलबर्नला मयंक अगरवाल आला, ७६ आणि ४२ करून त्याने जागा धरली. पुढचा उन्हाळा आयपीएलचा, कोलकात्याविरुद्ध ९९. मग जुलै २०१९ मध्ये बातमी आली की फेब्रुवारीत मुश्ताक अली स्पर्धेदरम्यान घेतलेल्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडलं. खोकल्याच्या अनेक औषधांत असणारा हा घटक. अनवधानाने घेतलं हे त्याचं म्हणणं बीसीसीआयने मान्य केलं, तरी नियम तो नियम. आठ महिन्यांची बंदी, मागील तारखेपासून, १५ नोव्हेंबर २०१९ पर्यंत. या प्रकरणात त्याच्या चारित्र्यावर बोलणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की विरारच्या कुठल्याही घरात खोकला झाला की औषधाच्या दुकानातून बाटली आणतात आणि लेबल वाचत नाहीत. राष्ट्रीय संघातल्या मुलाला ते वाचायला शिकवणं हे भोवतालच्या मोठ्या माणसांचंही काम होतं.

बंदी संपताच डिसेंबरात बडोद्याविरुद्ध रणजीत द्विशतक. जानेवारी २०२० मध्ये न्यूझीलंडला भारत ‘अ’कडून सराव सामन्यात १०० चेंडूंत १५०. रोहित शर्मा जायबंदी झाला आणि वेलिंग्टनला जागा मिळाली. टिम साउदीच्या बाहेर जाणाऱ्या चेंडूवर त्रिफळा, १६. दुसऱ्या डावात ट्रेंट बोल्टने अंगावर आखूड चेंडू टाकला आणि झेल लेगच्या बाजूला उडाला, १४. ख्राइस्टचर्चला ६४ चेंडूंत ५४, देखणे चोपन्न, कायल जेमिसनच्या चेंडूवर स्लिपमध्ये टॉम लेथमने उडी मारून झेल टिपला नसता तर आणखी पुढे गेले असते. एका दौऱ्यात गोलंदाजांनी तीन वेगवेगळ्या वाटा चाचपून पाहिल्या, त्यांतली कुठली सर्वांत सोपी ते इतरांनाही कळलं.

डिसेंबर २०२०, पुन्हा ऑस्ट्रेलिया दौरा. सराव सामन्यांत पृथ्वीच्या धावा ०, १९, ४०, ३. गुलाबी चेंडूच्या सामन्यात शुभमन गिलच्या ४३ आणि ६५. तरी ॲडलेडला निवड पृथ्वीची झाली. १७ डिसेंबरला दूरचित्रवाणीवर रिकी पाँटिंग बोलत होता. दिल्लीच्या संघात तो तेव्हा पृथ्वीचा प्रशिक्षक, त्याला नेटमधला पृथ्वी पाठ. चेंडू आत आला तर बॅट-पॅडमध्ये फट राहते आणि ऑस्ट्रेलिया तिथेच मारा करेल असं तो सांगत होता, आणि मिचेल स्टार्कने तसाच चेंडू टाकला. सामन्याचा दुसराच चेंडू, बॅटची आतली कड, यष्टी उडाल्या. दुसऱ्या डावात पॅट कमिन्स, तीच फट, त्रिफळा, ४. तिसऱ्या दिवशी भारत ३६ धावांत संपला. मेलबर्नला गिल सलामीला उतरला.

तिथपर्यंतचा काळ मी त्याचा पहिला मोसम धरतो. तारखांच्या हिशेबाने तो दोन वर्षं पसरला, सामन्यांच्या हिशेबाने जेमतेम पाच कसोटी. राजकोटच्या शतकावरून आपण त्याला दुसरा सचिन ठरवलं आणि ॲडलेडच्या दोन चेंडूंवरून निकामी. दोन्ही वेळा घाई झाली. पाच सामन्यांतून पारख होते, निकाल लागत नाही.

अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू असतो, चेंडू हातात घेऊन संघाची चाल ठरवणारा. पहिल्या मोसमात तो गाजला की पुढच्या उन्हाळ्यात प्रत्येक प्रतिस्पर्धी संघ त्याच्या खेळाच्या चित्रफिती काढून बसतो. दाब आला की तो कुठल्या बाजूला पळतो, कुठली फेक टाळतो, सगळं टिपलं जातं. २०१२ मध्ये वॉशिंग्टनचा रॉबर्ट ग्रिफिन तिथला उत्कृष्ट नवोदित ठरला, जानेवारी २०१३ मध्ये गुडघा गेला, आणि ते पहिलं वर्ष पुन्हा कधी आलं नाही. तिथले तज्ज्ञ म्हणून नवख्याचे आकडे बाजूला ठेवून विचारतात, हे यश कुठल्या बचावाविरुद्ध आलं आणि त्यातलं दुसऱ्या वर्षी काय टिकेल? आपल्याकडे हा प्रश्न विचारायची रीत अजून रुळलेली नाही.

खरं तर आपल्या घरातच उदाहरणं आहेत. सुनील गावसकरने १९७१ च्या पहिल्या मालिकेत वेस्ट इंडीजमध्ये चार कसोटींत ७७४ धावा केल्या. त्यानंतरच्या आठ कसोटींत एकही शतक नाही. १९७१ ला इंग्लंडमध्ये सरासरी २४, मायदेशी १९७२-७३ मध्येही जवळपास तेवढीच. पुढचं शतक आलं ते १९७४ मध्ये मँचेस्टरला. गावसकरला मधली तीन वर्षं मिळाली. विनोद कांबळीने १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत २२४ आणि २२७ केल्या, त्याच वर्षी श्रीलंकेत आणखी दोन शतकं. पुढे वेस्ट इंडीजच्या वेगवान गोलंदाजांनी त्याची नस आखूड चेंडूत शोधली आणि ५४ च्या सरासरीसह सतराव्या कसोटीत, वयाच्या तेविसाव्या वर्षी कारकीर्द संपली. यशस्वी जैस्वाल ताजा. २०२४ च्या नोव्हेंबरात पर्थला पहिल्या डावात शून्य, दुसऱ्या डावात १६१. नंतर ॲडलेडला गुलाबी चेंडूवर स्टार्कने सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर पायचीत केलं. पण त्याला पुढचे सामने मिळाले, आणि मालिकेत ३९१ धावा झाल्या. मुंबईचे हे तीन फलंदाज पृथ्वीच्या आजूबाजूला ठेवून पाहिले की दिसतं, दोष प्रत्येकात होता. फरक पडला तो चूक झाल्यावर पुढचा डाव किती लवकर मिळाला आणि मधल्या वेळात माणसाने स्वतःवर किती काम केलं यामुळे.

आणखी एक गोष्ट, जी पालघर जिल्ह्याबाहेर फारशी कुणी सांगत नाही. राजकोटला पृथ्वीचं पदार्पण झालं त्याच मालिकेत, १२ ऑक्टोबर २०१८ ला हैदराबादला, शार्दूल ठाकूरचं पदार्पण झालं. पालघरचा हा मुलगा विरारच्याही पुढून यायचा. डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली ती एप्रिल २०१३ मध्ये. त्याआधी शटल किंवा मेमूने विरारला यायचं, तिथे गाडी बदलायची. पदार्पणात शार्दूलने दहा चेंडू टाकले आणि जांघेच्या दुखापतीने मैदान सोडलं. पहिल्या मोसमाचा त्याचा हिशेब दहा चेंडू, शून्य बळी. त्याच्याकडून कुणाची काही अपेक्षाच उरली नव्हती. दोन वर्षांनी, पृथ्वी ज्या दौऱ्यात बाहेर पडला त्याच दौऱ्याच्या शेवटी, जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला शार्दूलने ६७ धावा केल्या आणि सामन्यात सात बळी घेतले. कमिन्स आणि स्टार्कला सरळ बॅटने मारलेले त्याचे ड्राइव्ह पाहावेत. डोकं चेंडूवर, पुढचा पाय टप्प्यापर्यंत, फट नाही. आठव्या-नवव्या क्रमांकाचा फलंदाज त्या दिवशी त्याच गोलंदाजांना सलामीवीरासारखा खेळत होता. एकाच जिल्ह्यातले दोघे, एकाच मालिकेत पदार्पण केलेले. एकाला सुरुवातीलाच सगळं मिळालं, दुसऱ्याला काहीच मिळालं नाही. शार्दूलला दुरुस्तीसाठी जो निवांतपणा मिळाला तो त्याच्या अपयशाने मिळवून दिला, असं मला वाटतं. पृथ्वीच्या १३४ नी तो निवांतपणा हिरावून घेतला.

ॲडलेडनंतर पृथ्वीने काम केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. जानेवारी-फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रशिक्षक प्रवीण आमरे आणि प्रशांत शेट्टी यांच्याबरोबर त्याने बॅटचा वळसा आणि सुरुवातीची हालचाल यांवर मेहनत घेतली. विजय हजारे करंडकात त्याचं फळ दिसलं. ८२७ धावा, पुदुच्चेरीविरुद्ध नाबाद २२७, सौराष्ट्रविरुद्ध नाबाद १८५, आणि चषक मुंबईला. जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध ३७९, रणजीतली दुसरी सर्वोच्च खेळी, भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद ४४३ नंतरची. पण हे आकडे पुन्हा त्याच जातीचे, भारतातल्या खेळपट्ट्यांवरचे. ज्या चेंडूने त्याला संघाबाहेर काढलं तो चेंडू, त्या वेगाने, त्याला कसोटीत पुन्हा कुणी टाकलाच नाही. त्यामुळे दुरुस्ती झाली की नाही याची परीक्षाच झालेली नाही. मधल्या काळात शरीरही बोललं. २०२३ ला नॉर्दॅम्प्टनशायरकडून २४४ केल्या आणि थोड्याच दिवसांत गुडघ्याने मोसम संपवला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातून वगळला गेला, नोव्हेंबरच्या आयपीएल लिलावात कुणी बोली लावली नाही. फिटनेसकडे त्याचं दुर्लक्ष झालं, हे त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनीही मान्य करावं. सलामीवीराला फिटनेस शोभेसाठी लागत नाही. वजन वाढलं की पुढचा पाय आणखी आखडतो, आणि त्याची अर्धी अडचण त्या पायातच आहे.

वसईत चिमाजी अप्पा मैदानावर किंवा नालासोपारा-विरारच्या कुठल्याही नेटवर संध्याकाळी जाऊन उभं राहावं. बारा-तेरा वर्षांची मुलं खेळत असतात. त्यातल्या बऱ्याच जणांनी आधी टेनिस चेंडूवर हात साफ केलेला असतो, गल्लीत, इमारतीच्या आवारात, मिठागरांच्या कडेला. टेनिस चेंडू उंच उसळतो, आत वळत नाही, आणि त्याला मारायला शरीरापासून बॅट लांब ठेवावीच लागते. म्हणून लेदरच्या चेंडूवर आल्यावरही बॅट गलीकडे जाते, पाय जागीच राहतो. मुलाने कव्हरला सणसणीत मारला की बाहेर उभे असलेले वडील टाळी वाजवतात. नेटमध्ये गोलंदाज बारा वर्षांचाच असतो, त्याचा चेंडू आत येत नाही, फट दिसत नाही. चांगला प्रशिक्षक अशा वेळी फटका सोडून पाय बघतो आणि अर्धा तास नुसता बचाव करायला लावतो. मुलगा कंटाळतो, पालक कुरकुरतात, काही जण अकादमी बदलतात. शनिवारी सामन्यात किती केल्या हे विचारणारे दहा असतात. कुठल्या चेंडूवर बाद झालास हे विचारणारा एखादाच.

२०२५ मध्ये पृथ्वीने मुंबई सोडली आणि तो महाराष्ट्राकडे आला. ऑक्टोबरात तिरुवनंतपुरमला केरळविरुद्ध पहिला सामना. पहिल्या डावात खातं न उघडता तो पायचीत झाला. चेंडू एम. डी. निधीशचा, नवा, आत येणारा. दुसऱ्या डावात ७५. पुढच्या सामन्यात चंडीगडविरुद्ध २२२, द्विशतक १४१ चेंडूंत. वर्तमानपत्रांनी ठळक मथळे २२२ ला दिले. तो मोठा डाव होता यात शंका नाही, आणि सव्विसाव्याकडे झुकलेल्या माणसाने पुन्हा मैदानात उतरून तो खेळला याचा विरारला आनंद व्हायला हवा. पण निवड समितीतल्या माणसाने आधी केरळच्या सामन्याची चित्रफीत मागवावी. पहिल्या डावातला निधीशचा तो चेंडू आणि दुसऱ्या डावातले सुरुवातीचे तीस चेंडू शेजारी-शेजारी लावावेत. पुढचा पाय कुठवर गेला, बॅट कुठून खाली आली, ७५ होईपर्यंत आत येणाऱ्या चेंडूंना त्याने काय केलं, हे लिहून काढावं. मग दिल्लीसाठी, भारतासाठी, कुणासाठीही त्याचं नाव पुढे करायचं की नाही ते ठरवावं.